छतावरची नक्षी आणि तिच्याखाली राहिलेले काम

ब्रिटनमध्ये १९६० ते १९८५ या काळात बांधलेल्या किंवा डागडुजी झालेल्या असंख्य घरांच्या छतांवर, आणि पुष्कळदा जिन्याच्या वा बैठकीच्या खोलीच्या भिंतींवरही, अर्धवर्तुळांच्या, भोवऱ्यांच्या किंवा टोकदार उंचवट्यांच्या नक्षीचा पांढरा लेप आढळतो. तेथील लोक त्याला सरसकट ‘आर्टेक्स’ म्हणतात. हे मुळात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील न्यूहेवन येथे कारखाना असलेल्या एका कंपनीच्या उत्पादनाचे नाव असले, तरी इतर कंपन्यांचे तशाच प्रकारचे लेपही त्याच नावाने ओळखले जाऊ लागले, आणि त्यामुळे घरमालकाने छताकडे बोट दाखवून ‘आर्टेक्स आहे’ असे सांगितल्याने तो लेप कोणाचा, कोणत्या साली लावलेला आणि कशापासून बनलेला, यांपैकी काहीच कळत नाही. उत्तर अमेरिकेत याच कुळातला, पण हाताने नक्षी काढण्याऐवजी यंत्राने फवारलेला लेप ‘पॉपकॉर्न सिलिंग’ या नावाने प्रसिद्ध आहे. आज हे दोन्ही लेप जुनाट समजले जातात, त्यांच्या खाचांत धूळ आणि कोळिष्टके साठतात, आणि घराचा ताबा मिळताच ते काढून टाकण्याची नव्या मालकांना घाई होते. मात्र काम हाती घेतल्यावर त्यांतील बहुतेकांच्या लक्षात येते, की लेप खरवडणे हा त्या कामाचा लहानसा भाग आहे.

असे का होते हे समजण्यासाठी तो लेप मुळात कशासाठी लावला जात होता हे पाहावे लागते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या ब्रिटिश घरांची छते लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा किंवा जिप्समचा गिलावा थापून केलेली असत आणि हे काम वेळखाऊ व कसबाचे होते. युद्धोत्तर काळात घरांची टंचाई भासू लागली, बांधकामाचा वेग वाढवावा लागला, आणि गिलाव्याची जागा प्लास्टरबोर्डने घेतली. प्लास्टरबोर्ड म्हणजे दोन जाड कागदांच्या मध्ये जिप्सम भरून केलेला तक्ता, जो आपल्याकडे फॉल्स सिलिंगच्या कामामुळे जिप्सम बोर्ड म्हणून परिचित आहे. असे तक्ते लाकडी तुळयांना खालून खिळ्यांनी ठोकले की छत तयार होते, परंतु तक्त्यांमधले सांधे आणि खिळ्यांची डोकी दिसत राहतात. ती दिसू नयेत म्हणून सांध्यांवर पट्टी चिकटवून सबंध छतावर गिलाव्याचा दोन-तीन मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत हात फिरवावा लागतो. डोके मागे टाकून, उंचावलेल्या हातांनी, जिप्सम घट्ट होण्याच्या आत हे करू शकणारा गवंडी दुर्मीळ आणि महाग असतो. नक्षीदार लेपाने नेमकी हीच पायरी वाचवली. सांधा थोडा वर-खाली असला, खिळ्यापाशी खड्डा राहिला, तक्ता किंचित झुकला, तरी उंचसखल नक्षीत ते सारे हरवून जाते. सजावट म्हणून विकल्या गेलेल्या या लेपाचा खरा धंदा झाकण्याचा होता, आणि तो काढणे म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी न केलेले काम आज स्वतःच्या पैशाने पुरे करणे होय.

तरीही त्या कारागिरांना निव्वळ चुकार ठरवणे अन्यायाचे होईल. पिशवीतली भुकटी पाण्यात कालवून दाट लापशीसारखी करायची, रुंद कुंचल्याने छतावर एकसारखी पसरायची आणि ती ओली असेपर्यंत नक्षी उठवायची, अशी पद्धत होती. दातेरी फणी मनगटाच्या एकाच हेलकाव्याने फिरवली की अर्धवर्तुळ उमटे, आणि अशी अर्धवर्तुळे एकमेकांना खेटून, ओळ न मोडता, खोलीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत नेण्यासाठी हात बसलेला असावा लागे. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला स्पंज टेकवून उचलला की सुरकुतलेल्या चामड्यासारखा पोत येई. रबरी काट्यांचा ठोकळा टेकवला की लहान लहान टोके उभी राहत. अमेरिकन पद्धतीत मात्र हातकाम फारसे नव्हते. तेथे लेपात पॉलिस्टायरीनचे मणी किंवा व्हर्मिक्युलाइटचे कण मिसळून मिश्रण दाबाखालील हवेने छतावर फवारले जाई, आणि ते आवाज काही प्रमाणात शोषून घेते हा त्याच्या बाजूने सांगितला जाणारा गुण होता. व्हर्मिक्युलाइट हे तापवल्यावर फुगणारे अभ्रकासारखे खनिज आहे. अमेरिकेत त्याचा फार मोठा पुरवठा मोंटाना राज्यातील लिबी या गावच्या खाणीतून होत असे आणि त्या खाणीतल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये ॲस्बेस्टॉसचे धागे निसर्गतःच मिसळलेले होते. १९९० मध्ये ती खाण बंद झाली, तोवर तिचा माल देशभरातल्या घरांत जाऊन बसला होता.

ब्रिटिश लेपात मात्र ॲस्बेस्टॉस हेतुपुरस्सर घातले जात होते. ॲस्बेस्टॉस म्हणजे सूक्ष्म धाग्यांच्या रूपात आढळणाऱ्या काही सिलिकेट खनिजांचे समूहनाम. त्यांपैकी क्रिसोटाइल किंवा पांढरे ॲस्बेस्टॉस या प्रकाराचे धागे मऊ व कुरळे असतात आणि लेपात साधारणपणे तेच वापरले जात. लेपाला दाटपणा यावा, उठवलेली नक्षी ओघळू नये आणि तक्त्यांच्या सांध्यांवर वाळताना तडे पडू नयेत, असे त्याचे तिहेरी काम होते. प्रमाण थोडे, बहुधा एक ते पाच टक्क्यांच्या दरम्यान असे. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत उत्पादकांनी ते काढून टाकले, तथापि दुकानात आणि कंत्राटदाराच्या कोठारात पडून राहिलेल्या जुन्या पिशव्या पुढेही वापरल्या गेल्या असणार. ब्रिटनमध्ये निळ्या व तपकिरी ॲस्बेस्टॉसवर १९८५ च्या नियमांनी बंदी आली, पांढऱ्यावर ती यायला १९९९ साल उजाडले. म्हणूनच २००० सालापूर्वी बांधलेल्या कोणत्याही इमारतीत ॲस्बेस्टॉस असू शकते असे गृहीत धरून चालावे, हा तेथील आरोग्य व सुरक्षा विभागाचा साधा नियम आहे. अमेरिकेत फवारणीच्या अग्निरोधक व उष्णतारोधक लेपांत ॲस्बेस्टॉस वापरण्यास १९७३ मध्ये आणि सजावटीच्या फवारणीत १९७८ मध्ये मनाई झाली. तेथेही शिल्लक साठा त्यानंतर काही काळ छतांवर जातच राहिला.

या तारखांच्या मागे मोठा इतिहास आहे आणि तो फारसा अभिमानास्पद नाही. उत्तर इंग्लंडमधील रॉचडेल येथील ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत काम करणारी नेली करशॉ ही स्त्री १९२४ साली ऐन तिशीत मरण पावली. तिच्या फुप्फुसांत ॲस्बेस्टॉसचे कण आढळल्याचा वृत्तान्त डॉ. विल्यम कुक यांनी त्याच वर्षी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. १९३० मध्ये मेरवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला, पुढच्या वर्षी गिरण्यांतील धुळीसाठी नियम झाले, पण ते कारखान्याच्या दारापाशीच थांबले. दक्षिण आफ्रिकेतील नॉर्दर्न केपमधल्या खाणपट्ट्यातील रुग्णांचा अभ्यास करून ख्रिस वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली मेसोथेलिओमा या फुप्फुसावरणाच्या कर्करोगाचा ॲस्बेस्टॉसशी असलेला संबंध दाखवला, आणि त्या रुग्णांत खाणीत कधीच काम न केलेली, केवळ त्या परिसरात वाढलेली माणसेही होती. आर्टेक्सची लोकप्रियता वाढली ती यानंतर. म्हणजे लेपाची पिशवी बाजारात खपत होती तेव्हा तिच्यातल्या एका घटकाचा धोका वैद्यकशास्त्राला ठाऊक नव्हता असे म्हणण्याची सोय नाही. धागा श्वासावाटे आत गेल्यानंतर रोग प्रकट होण्यास पंधरापासून पन्नास-साठ वर्षेही लागतात. आजही ब्रिटनमध्ये दरवर्षी सुमारे पाच हजार मृत्यू पूर्वीच्या ॲस्बेस्टॉसच्या संपर्काशी जोडले जातात, त्याचे कारण हेच.

एवढे वाचून घाबरलेल्या घरमालकाला दुसरी बाजूही सांगणे आवश्यक आहे. पाइपांवरच्या जुन्या उष्णतारोधक वेष्टनातले किंवा फवारलेल्या अग्निरोधक थरातले ॲस्बेस्टॉस भुसभुशीत असते आणि नुसत्या धक्क्यानेही हवेत मिसळते. हाताने लावलेल्या नक्षीदार लेपात मात्र थोडेसे धागे कठीण झालेल्या खनिज लगद्यात घट्ट बसलेले असतात आणि त्यावर रंगाचे अनेक थर चढलेले असतात. असा शाबूत लेप छतावर आहे म्हणून त्याखाली झोपणाऱ्याच्या जिवाला धोका उत्पन्न होत नाही. मोजमापांत लेप काढताना हवेत येणाऱ्या धाग्यांचे प्रमाण कमी आढळल्यामुळे ब्रिटनने २००६ मध्ये हे काम सक्तीच्या परवान्यातून वगळले. त्या निर्णयावर तेव्हा वाद झाला, परंतु तीच व्यवस्था २०१२ च्या नियमांतही कायम राहिली. परवाना लागत नाही याचा अर्थ नियम लागत नाहीत असा नव्हे. पगारी कामगाराकडून हे काम करवून घेणाऱ्या मालकावर प्रशिक्षण, श्वसनरक्षण आणि कचऱ्याची विल्हेवाट यांची पूर्ण जबाबदारी असते. स्वतःच्या घरात स्वतः काम करणाऱ्याला मात्र ही कलमे थेट लागू होत नाहीत, आणि त्यामुळे सर्वांत कमी जाणणाऱ्या माणसाला सर्वांत अधिक मोकळीक, अशी काहीशी विपरीत परिस्थिती निर्माण झाली आहे.

धोका वाढतो तो कोरड्या घासकामाने. विजेवर फिरणारे सँडर यंत्र छताला लावले, की घट्ट बसलेले धागे मोकळे होण्यासाठी आवश्यक ते सारे घडते: बंधक द्रव्याची बारीक पूड होते, धागे सुटतात, चिरफळतात, आणि फिरत्या चकतीच्या वाऱ्याने खोलीभर पसरतात. फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत पोहोचणारे धागे तीन मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या तीन-सहस्रांशापेक्षाही कमी जाडीचे असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाहीत आणि हवेत तासन्‌तास तरंगतात. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरने अशी धूळ साफ करणे हा तर सर्वांत वाईट उपाय, कारण त्याच्या गाळणीतून हे धागे निसटतात आणि मागच्या बाजूने खोलीत परत येतात.

लेपात ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे कोणताही अनुभवी गवंडी केवळ पाहून सांगू शकत नाही, आणि सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. नक्षीच्या प्रकारावरून, रंगावरून किंवा कठीणपणावरून निष्कर्ष निघत नाही. घराच्या बांधकामाचे सालही अर्धीच माहिती देते, कारण १९३५ च्या घराच्या छतावर १९७६ साली लेप चढलेला असू शकतो. नमुना प्रयोगशाळेत पाठवणे हाच खात्रीचा मार्ग होय आणि तो खर्चाच्या मानाने स्वस्तही आहे. जागेवर पाण्याचा हलका फवारा मारून, खाली प्लॅस्टिक अंथरून, लेपाचा छोटा तुकडा पातीने उचलावा, एकात एक अशा दोन बंद पिशव्यांत ठेवावा आणि उघडी पडलेली जागा रंगाने किंवा भरावाने लगेच बुजवावी. तज्ज्ञ तो ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. क्रिसोटाइलचा धागा त्या प्रकाशात आपले प्रकाशीय गुणधर्म प्रकट करतो. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. बादलीत हाताने कालवलेल्या मिश्रणात धागे सारख्या प्रमाणात विखुरलेले नसतात, आणि एकाच खोलीतल्या दोन कोपऱ्यांसाठी वेगवेगळ्या पिशव्या वापरल्या गेलेल्या असू शकतात. म्हणून एका चिमटीवर विसंबून सबंध छत निर्दोष ठरवणे बरोबर नाही. खोलीच्या निरनिराळ्या भागांतून नमुने घेतले पाहिजेत, आणि प्रत्येक खोलीचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे.

ॲस्बेस्टॉस नाही असे ठरल्यानंतर लेप काढण्याची पद्धत त्यावर रंग आहे की नाही यावर अवलंबून असते. अमेरिकन पॉपकॉर्न लेपाला कधीच रंग दिलेला नसेल, तर काम जवळजवळ आनंददायक होते: झाडांवर औषध मारण्याच्या पंपाने कोमट पाणी फवारायचे, पाव तास थांबायचे, आणि कोपरे किंचित गोल घासून घेतलेली रुंद पाती तिरकी धरून पुढे ढकलायची, की ओला लगदा लांब पट्टीने सुटून खाली पडतो. पातीचे कोपरे टोकदार राहिले तर ते तक्त्याच्या कागदात रुततात. पाणी जास्त झाले तर कागदाला फुगे येतात. कमी झाले तर धूळ उडते. पण त्याच छतावर एकदा तेलरंग किंवा प्लॅस्टिक इमल्शन चढलेले असले, तर पाणी पृष्ठभागावरून ओघळून थेट काम करणाऱ्याच्या कोपरापर्यंत येते आणि लेप आतून कोरडाच राहतो.

ब्रिटिश छतांवर बहुधा हीच दुसरी स्थिती असते. तेथे दोन उपाय प्रचलित आहेत. पहिला वाफेचा, ज्यासाठी भिंतीवरचा कागद काढण्याचे वाफयंत्र उपयोगी पडते. त्याची चपटी तबकडी छताला अर्धा ते एक मिनिट टेकवून धरायची, ती पुढच्या जागी सरकवत असताना दुसऱ्या हाताने मागची जागा खरवडायची, आणि हे करताना वरून गळणाऱ्या कढत थेंबांपासून हात व डोळे सांभाळायचे, अशी ही कसरत असते. दुसरा उपाय पाण्यात विरघळणाऱ्या रसायनाच्या जेलचा. जेल ब्रशने किंवा रोलरने जाडसर थापून काही तास ठेवले जाते, ते आधी रंगाचा पडदा फोडते, मग लेपात झिरपते, आणि त्यानंतर लेप ओल्या चिकणमातीसारखा पातीवर गोळा होतो. जेल महाग पडते, रंगाचे थर अधिक असतील तर त्याचा दुसरा हात द्यावा लागतो. पण खरवड ओली आणि गोळ्यागोळ्यांची निघत असल्यामुळे धुळीच्या दृष्टीने ते वाफेपेक्षा उजवे ठरते. कोणत्याही ओल्या कामापूर्वी त्या खोलीची वीज मुख्य बटणापासून बंद करणे आणि दिव्याची बैठक झाकून घेणे हे सांगण्याची गरज पडू नये, तरी पडते.

लेपात ॲस्बेस्टॉस निघाले, तरी तत्त्वतः हीच ओली पद्धत वापरली जाते, परंतु तिच्याभोवतीची सिद्धता पूर्णपणे बदलते. खोलीतले सामान बाहेर काढले जाते, जमीन जाड प्लॅस्टिकने झाकली जाते, दरवाजा टेपने बंद केला जातो, गरम हवेच्या झडपा मिटवल्या जातात. अंगावर एकदाच वापरायचा टोपीसह अंगरखा आणि चेहऱ्यावर एफएफपी-३ या वर्गाचा, नाकागालांना घट्ट बसणारा मास्क असतो; साधा कापडी किंवा रुग्णालयातला मास्क येथे कुचकामी, आणि दाढी राखलेल्या चेहऱ्यावर तर चांगला मास्कही नीट बसत नाही. खरवड ओली असतानाच पिशवीत जाते, आणि फरशीवरचे उरलेसुरले कण ओल्या फडक्याने टिपले जातात; ते फडकेही पिशवीतच. आतली लाल आणि बाहेरची पारदर्शक, अशा दोन इशारा छापलेल्या पिशव्यांत बांधलेला हा कचरा ब्रिटनमध्ये घातक कचरा गणला जातो. स्थानिक नगरपरिषदेच्या ठरावीक केंद्रावर तो आधी कळवून न्यावा लागतो, रोजच्या कचऱ्याच्या डब्यात टाकणे हा गुन्हा आहे. सामान्य गृहस्थाने हे सारे स्वतः करण्यापेक्षा प्रशिक्षित माणसाला बोलवावे, असेच प्रस्तुत लेखाचे मत आहे. या कामात वाचणारा पैसा आणि पत्करावा लागणारा धोका यांचे प्रमाण जुळत नाही.

लेप निघाल्यानंतरची निराशा मात्र दोन्ही प्रकारांत सारखीच असते. पांढऱ्या नक्षीच्या जागी तपकिरी कागद, न भरलेले सांधे, गंजलेल्या खिळ्यांची डोकी, कधी काळी पाइप गळाल्याचे पिवळे डाग आणि पातीने उडालेले टवके दिसू लागतात. अमेरिकेतील जिप्सम उद्योगाने तक्त्यांच्या अंतिम कामाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरवल्या आहेत आणि त्यांनुसार जाड नक्षीचा लेप येणार असेल तर तिसऱ्या पायरीवर थांबणे पुरेसे समजले जाते. सपाट रंगासाठी चौथी लागते. तिरप्या उजेडात, म्हणजे मोठ्या खिडकीतून छतालगत सरकणाऱ्या प्रकाशातही दोष दिसू नये अशी अपेक्षा असेल, तर पाचवी, अर्थात सबंध पृष्ठभागावर पातळ थर देण्याची पायरी गाठावी लागते. खरवडणाऱ्याला या उरलेल्या पायऱ्या आता वर बघत, राहत्या घरात पूर्ण कराव्या लागतात. गुळगुळीत छताची किंमत गवंड्याच्या दरात मोजावी लागते, आणि तो दर १९७० मध्येही जास्त होता म्हणूनच तर ही नक्षी आली होती.

हा हिशेब मांडल्यावर लेप न काढता झाकण्याचे पर्याय अधिक शहाणपणाचे दिसू लागतात, आणि ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत तर तेच प्राधान्याचे ठरतात. लेप घट्ट असेल तर त्यावर पकड देणारा थर लावून, खोलगट भाग भरून, वरून गिलाव्याचे दोन हात देता येतात; गवंडी नेहमीच्या सवयीने नक्षीची टोके आधी पातीने उडवतो, ते मात्र ॲस्बेस्टॉस असल्यास करू द्यायचे नसते, आणि हे त्याला काम सुरू होण्यापूर्वीच बजावावे लागते. जुना रंग भुकटीसारखा सुटत असेल तर हा उपाय चालत नाही, कारण नव्या गिलाव्याचे वजन जुन्या लेपालाच खाली ओढते. मग तुळया कुठे आहेत ते शोधून जुन्या छताखाली नवे तक्ते लांब स्क्रूंनी बसवले जातात. साडेबारा मिलिमीटर जाडीचा तक्ता चौरस मीटरला आठ किलोच्या आसपास भरतो. चार मीटर बाय साडेतीन मीटरच्या खोलीवर म्हणजे एकशे दहा किलोहून अधिक नवा भार येतो, आणि आधीच वाकलेल्या तुळयांना तो पेलेल का हे पाहणे भाग असते. खोलीची उंची दोन-अडीच सेंटिमीटर कमी होते. तिची जाणीव राहणाऱ्यांना होत नाही, पण भिंतीतील कपाटांच्या दारांना आणि छताकडेच्या नक्षीपट्टीला ती होते.

स्लाउ, हॅरो, हाउन्स्लो यांसारख्या लंडनभोवतीच्या वस्त्यांत किंवा न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या गावांत जुने घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना हा विषय सहसा सर्वेक्षकाच्या अहवालातल्या एका ओळीतून प्रथम भेटतो. पुणे-मुंबईच्या सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबखाली वाढलेल्या माणसाला कागद आणि जिप्समचे छत हीच मुळात नवलाची गोष्ट असते, त्यात छताच्या रंगकामासाठी प्रयोगशाळेचा दाखला लागतो हे त्याला अतिरेकी वाटू शकते. त्याच्या या वाटण्यामागे भारतातील वस्तुस्थिती आहे. आपल्याकडे बैठकीच्या खोलीतल्या एका भिंतीवर हौसेने काढून घेतला जाणारा टेक्स्चर पेंट हा ॲक्रिलिकमध्ये खनिजकण मिसळलेला लेप असतो, आणि रंगारी तो पत्र्याने खरवडून, लांबी भरून, पॉलिश पेपर मारून मोकळा होतो. ती धूळही सिलिकायुक्त असते आणि तिच्यासाठीही मास्क लागतो, हे त्याला कोणी सांगत नाही. ॲस्बेस्टॉस मात्र येथे आजही परदेशांतून कायदेशीरपणे येते आणि मुख्यतः सिमेंटच्या पत्र्यांत जाते. नेली करशॉ जिथे काम करत होती ती रॉचडेलची गिरणी पुढे ज्या टर्नर अँड न्यूऑल उद्योगसमूहाचा भाग झाली, त्याच समूहाचा एक कारखाना घाटकोपरला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या वैद्यकीय तपासण्यांबाबत विस्तृत आदेश दिले होते. कोकणात किंवा चाळींवर पावसाळ्यापूर्वी जुना सिमेंटचा पत्रा हातोडीने फोडून खाली टाकला जातो, तेव्हा ते आदेश कोणाच्या स्मरणात असतात असे दिसत नाही.

झाकलेल्या लेपाबाबत एक व्यवहार शेवटपर्यंत शिल्लक राहतो, आणि तो नोंदीचा. नव्या गिलाव्याखाली ॲस्बेस्टॉसचा थर आहे हे आजच्या मालकाला ठाऊक असते. दहा वर्षांनी छतात दिवे बसवायला येणाऱ्या विजेच्या कारागिराला ते ठाऊक नसते, आणि वाटोळ्या करवतीने भोक पाडताना तो नेमका त्याच थरातून आरपार जातो. म्हणून प्रयोगशाळेचा दाखला, कोणत्या खोलीत काय झाकले आहे याचे टाचण आणि छायाचित्रे घराच्या कागदपत्रांत ठेवावीत, घर विकताना पुढच्या मालकाच्या हवाली करावीत, आणि वीजजोडणीच्या पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला, जिथे कारागीर हमखास पाहतो, तिथे एक ठळक चिठ्ठी चिकटवावी. भोक पाडणे अगदीच अटळ असेल, तर ब्रिटिश सुरक्षा विभागाच्या मार्गदर्शनात त्यासाठी सुचवलेला एक उपाय अगदी स्वस्तातला आहे: दाढीचा फेस किंवा भिंतीवरचा कागद चिकटवण्याची खळ भोकाच्या जागी जाड थापायची, ड्रिलचे पाते त्या फेसातून संथ गतीने आत न्यायचे, म्हणजे सुटणारी भुकटी फेसातच अडकते, मग तो फेस ओल्या फडक्याने पुसून फडक्यासकट पिशवीत बांधायचा आणि भोकाची कडा रंगाने बंद करायची.